सोळाची पाऊणकी

मार्च लागला की लांज्याच्या एसटी स्टँडवर परीक्षेची पोरं दिसायला लागतात. एका हातात पाण्याची बाटली, दुसऱ्या हातात उघडं पुस्तक, ओठांनी काहीतरी पुटपुटत गाडीची वाट बघणं चाललेलं. मागच्या आवारातून काजूच्या बोंडांचा आंबूस वास येत असतो. मी आता निवृत्त बाई. परीक्षा द्यायची नाही, कुणाची घ्यायचीही नाही. तरीसुद्धा एखाद्या मुलीच्या मांडीवर ब्राऊन पेपरचं कव्हर घातलेलं जर्नल दिसलं, की त्यावर परीक्षकांची सही झालीय का, हे मी अजून मान वाकडी करून बघते.

परवा भाचीची मुलगी सुट्टीला आली होती. तिने मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. "आज्जी, हे बघ, रत्नागिरीची भरती. आज दुपारी तीन वाजून चार मिनिटं." मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. कृष्ण पंचमी. "बरोबर," मी म्हटलं, "वीस धरले की पंधरा होतात, म्हणजे तीन वाजले." ती माझ्याकडे जरा काळजीने बघायला लागली. या वयात बायका असं काहीतरी बोलतात, हे तिला कुणीतरी सांगितलं असावं. तिला सगळं समजावून सांगण्यात अख्खी दुपार गेली, आणि त्या दुपारी मी चाळीस वर्षं मागे, रत्नागिरीत भाट्याच्या खाडीच्या तोंडाशी जाऊन बसले होते.

तिथे आमची वाडी. बाबा दुसऱ्याच्या लाँचवर तांडेल होते. लाँच कुठे न्यायची, जाळं कधी टाकायचं, परत कधी फिरायचं, सगळं त्यांच्या शब्दावर. शाळेत गेले ते दोन वर्षं. पिढ्यान्‌पिढ्या घराला दर्या ठाऊक, पण भूगोल नावाचा विषय असतो आणि त्यात बी.ए. होता येतं, हे घरात पहिल्यांदा मीच सांगितलं. ऐंशीच्या दशकाचा मध्य असेल. आत्याने विचारलं, "त्यात शिकवतात काय?"

"पृथ्वी," मी ऐटीत म्हटलं.

"ती काय पळून चाललीय?" आत्या म्हणाली, आणि मासळीची पाटी उचलून बाजाराला गेली.

पळून चालली होतीच की! पहिल्याच वर्षी सरांनी सांगितलं की ती सेकंदाला काही शे मीटर वेगाने गरगरते आहे, आणि आपण बाकावर स्वस्थ बसलो आहोत. मी बाक घट्ट धरला. पुढची तीन वर्षं मी एकूण अशीच काही ना काही धरून बसलेली असे. सर म्हणाले, कॉलेजची भिंत ज्या जांभ्या दगडाची आहे तो मुळात जांभा नव्हताच. लाखो वर्षं इथला पाऊस काळ्या दगडातलं जे जे विरघळतं ते धुऊन नेत राहिला, मागे उरलं ते हे गंजलेलं लोखंड. मधल्या सुट्टीत मी भिंतीला हात लावून बघितला. आमच्या घराचा चौथरा, विहिरीचा काठ, देवळाची पायरी सगळं त्याच दगडाचं. इतकी वर्षं त्यावर बसून मी मासे साफ केले होते, आणि आपण पावसाच्या उष्ट्यावर बसलोय हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

नकाशांची तर मोठी गंमत. प्रॅक्टिकलला सरकारी नकाशे असत, प्रत्येक नाला, पायवाट, देऊळ, विहीर दाखवणारे. तपकिरी रेषा जवळजवळ आल्या की चढ, लांब गेल्या की पठार. त्या रेषांवरून बोट फिरवून मी सातपुड्यातले डोंगर चढले, राजस्थानातल्या कोरड्या ओढ्यांतून चालले. पण आमच्या किनाऱ्याचा नकाशा काही मिळेना. सर म्हणाले, किनाऱ्याचे नकाशे संरक्षणाच्या कारणाने सर्रास देत नाहीत. म्हणजे सगळा हिंदुस्थान बघायला मोकळा आणि माझं घर तेवढं गुपित! घरी सांगितल्यावर बाबा जाळं सांधता सांधता खूप हसले. "नकाशा लपवलान म्हणून खडक काय जागा सोडणार हायत? मला इचारा म्हणावं."

मी त्यांच्याबरोबर हसले. विचारलं मात्र नाही.

मग तो चंद्राचा तास. सरांनी शहाळं आणलं होतं. चंद्र पाणी ओढतो हे मला माहीत होतं, तसं ते कुणालाही असतं. पण सर म्हणाले, पाणी चंद्राच्या बाजूला फुगतं तसं पलीकडच्या बाजूलाही फुगतं, आणि पृथ्वी त्या दोन फुगवट्यांच्या आत फिरत राहते. "म्हणजे भरती येत नाही. आपण भरतीत शिरतो." ते शहाळं फिरवून पुढच्या मुद्द्यावर गेले. मी गेले नाही. त्या दुपारी मी धक्क्यावर जाऊन उभी राहिले. समोर भगवतीचा किल्ला, डाव्या हाताला भाट्याचं सुरूचं बन, मागे वाडी, वाळत टाकलेली मासळी, आरडाओरडा करणारी आई, आणि हे सगळं माझ्यासकट सावकाश पाण्याच्या एका टेकडीत शिरत होतं. मला इतका आनंद झाला की डोळे भरून आले. घरी जाऊन हे सांगावंसं वाटलं. पण बाबांना काय कळणार, असं मनात आलं, आणि मी चहा प्यायले.

हे लिहिताना आज लाज वाटते. पण तेव्हा असं मनात आलं खरं.

बाबांचा हिशेब वेगळा होता, लहानपणापासून कानावर पडलेला. जुन्या शाळेत पाऊणकी पाठ करून घेत, म्हणजे पाऊणचा पाढा. पाऊण, दीड, सव्वादोन, तीन. पावणेचार, साडेचार, सव्वापाच, सहा. दोन वर्षांच्या शाळेतून बाबांनी एवढंच बरोबर आणलं होतं आणि तेवढ्यावर आयुष्य काढलं होतं. तिथीला पाऊणने गुणायचं की भरतीची वेळ. अष्टमीला सहा वाजता पाणी भरलेलं, द्वादशीला नऊ वाजता. आमच्या खाडीच्या तोंडाशी रेवेचा दांडा, म्हणजे वाळूचा लांब उंचवटा, आडवा पडलेला, भरती असेल तरच लाँच आत येणार. म्हणून वाडीतली पोरं बाराखडीच्या आधी ही पाऊणकी शिकत. मीही शिकले होते.

शेवटच्या वर्षाला प्रत्येकाला एक प्रकल्प करायचा होता. मी भरती-ओहोटी घेतली. लाल-पांढरे पट्टे रंगवलेली एक लांब पट्टी धक्क्याच्या खांबाला बांधायची, अष्टमीच्या भांगापासून, म्हणजे सगळ्यात आखूड भरतीपासून, पौर्णिमेच्या उधाणापर्यंत आणि पुढे एक दिवस रोज भरतीची वेळ आणि पाण्याची उंची मोजायची. एकूण नऊ दिवस. बाहेरगावचे परीक्षक जर्नल बघणार, त्यावर सही करणार, तेव्हाच प्रॅक्टिकलचे गुण. सही नाही तर वर्ष गेलं.

आणि ते वर्ष जाऊन चालणार नव्हतं. आत्याने दाभोळचं स्थळ आणलं होतं. मुलाची स्वतःची लाँच, घर चिरेबंदी, नाव ठेवायला जागा नाही. सगळ्यांसमोर बाबा म्हणाले होते, "परीक्षा होऊ दे. पास झाली तर फुडं काय ता तीच सांगेल. न्हाय झाली तर वैशाखात उरकून टाकू." आत्या कबूल झाली. मीही मान हलवली. मला बी.एड. करून शिक्षिका व्हायचं होतं, आणि तिथवर जायची वाट त्या एका सहीवरून जात होती.

सहा दिवस मी इमानदारीने मोजलं. आधी संध्याकाळी, मग सकाळी. धक्क्याच्या पायरीवर बसून दर दहा मिनिटांनी पट्टीकडे बघायचं. पाणी चढताना दिसत नाही. बघता बघता एक लाल पट्टा नाहीसा झालेला असतो. शेवटी ते थबकतं. ना वर ना खाली. खांबाला लागलेला फेससुद्धा जागचा हलत नाही. सगळा अरबी समुद्र क्षणभर माझ्या वहीत वेळ लिहून होण्याची वाट बघतोय असं वाटायचं, आणि मी घाईघाईने घड्याळ बघून आकडा लिहायची.

मग शिमगा आला. आमच्याकडे तेरसेचा शिमगा. त्रयोदशीला होळी लागली आणि पालखी वाडीत उतरली. चतुर्दशीला सकाळी मी वही घेऊन निघाले, तर आईने दारातच अडवलं.

"पालखी दारात येणार, आणि तू पाणी मोजायला चाललीस?"

"अगो आये, अर्ध्या तासात येतंय."

"दर्या हितंच हाय. देव वर्सातनं एकदा येतो."

यावर कोणता भूगोल उत्तर देणार? मी सारवण घातलं, पुरण वाटलं, देवीची ओटी भरली. ढोल आणि ताशे इतके जवळ आले की मांडणीवरची भांडी वाजायला लागली. पालखी नाचवणाऱ्यांत बाबा पुढे होते, गुलालाने लालभडक. ते तीन दिवस मला धक्क्याची आठवणही झाली नाही, हे खरं सांगते. आठवण झाली ती पालखी शेजारच्या वाडीत गेल्यावर. जर्नलमध्ये चतुर्दशी, पौर्णिमा, प्रतिपदा या तीन ओळी कोऱ्या होत्या.

मी पडवीत बसले आणि त्या भरल्या. पाऊणकी होतीच पाठ. चौदाची पाऊण साडेदहा, पंधराची सव्वाअकरा. प्रतिपदा म्हणजे एक, एकाची पाऊण. दुपारी पाऊण वाजता. उंची अंदाजाने टाकली. रेघा आखल्या, काळ्या शाईने गिरवलं, आलेख काढला. सुंदर दिसत होतं. हे सगळं करताना बाबा माझ्यापासून चार हातांवर बसून जाळं सांधत होते.

चार दिवसांनी प्रॅक्टिकल. मुंबईहून आलेल्या परीक्षक बाई सडपातळ, पिकल्या केसांच्या, पायात कॅनव्हासचे बूट. बोलणं हळू. त्यांनी माझ्या जर्नलचं पान न्‌ पान उलटलं, आणि शेवटच्या तक्त्यावर त्यांची पेन्सिल थांबली.

"पौर्णिमेला सव्वाअकरा," त्या म्हणाल्या, "आणि दुसऱ्या दिवशी पाऊण वाजता. रोज भरती पाऊण-एक तासाने पुढे सरकते. एका दिवसात दीड तास? चंद्र कुठे अडकला होता?"

खोटं बोलता आलं असतं. घड्याळ बंद पडलं होतं, असं काहीतरी. पण त्या इतक्या उत्सुकतेने बघत होत्या, जणू चंद्र खरंच अडकला असता तर त्यांना फार आवडलं असतं. मी सगळं सांगून टाकलं. पालखी, पाऊणकी, पडवी.

सर खिडकीतून बाहेर बघायला लागले. बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. "वडील आता कुठे असतील?"

"धक्क्यावर. लाँच डागडुजीला लावलीय."

"चल."

रिक्षातून जाताना त्यांनी माझं जर्नल पुन्हा उघडलं. मी मनातल्या मनात दाभोळचं चिरेबंदी घर बघत होते. धक्क्यावर बाबा लाँचच्या फटींत कापूस ठोकत होते. परीक्षक बाई म्हटल्यावर त्यांनी हात लुंगीला पुसले आणि उभे राहिले. बाईंनी सरळ विचारलं, "पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी भरती किती वाजता?"

"बाराला," बाबा म्हणाले.

"तुमच्या पाऊणकीने तर पाऊण येते. प्रतिपदा म्हणजे एक."

बाबा हसले. "त्या दिवशी सोळा धरायचे, बाई. सोळाची पाऊण बारा. पुनव झाली म्हणून दर्या परत पहिलीत जाऊन बसत न्हाय. द्वितीयेला सतरा, असं पाच-सा दिस फुडंच मोजायचं. मंग अष्टमीच्या सुमारास तो आपणच रेंगाळतो, आणि आपला साधा पाढा परत जुळतो."

"आज पंचमी," बाई म्हणाल्या. "म्हणजे वीस."

"वीस. म्हंजी तीन वाजता." बाबांनी पाण्याकडे बघितलं. त्यांच्या हातात घड्याळ कधीच नव्हतं. "ह्ये बगा, उभं ऱ्हायलं."

खांबाजवळचा फेस थांबला होता. एक काडी जिथल्या तिथे तरंगत होती. बाईंनी मनगट वर केलं. तीन वाजून दोन मिनिटं झाली होती. साध्या पाऊणकीने पावणेचार यायला हवे होते.

मी त्याच पायरीवर सहा दिवस बसले होते, त्याच पट्टीकडे बघत. पण तो क्षण मी जणू तेव्हाच पहिल्यांदा बघितला. एवढा चंद्र, एवढा समुद्र, त्या दोघांची ओढाताण, आणि ती मिनिटाच्या हिशेबाने ज्याच्या डोक्यात बसली आहे तो माणूस माझ्यासमोर कापूस आणि हातोडी घेऊन उभा होता. आज सकाळीच माझ्या हातचा चहा पिऊन घराबाहेर पडला होता.

"कुणी शिकवलं हे?" बाईंनी विचारलं.

"दांड्यान." बाबांनी खाडीच्या तोंडाकडे हात केला. "नवा तांडेल झालो व्हतो. पुनवेच्या दुसऱ्या दिशी मी पण एकच धरला. पाऊणला आत शिरायला गेलो तर पाणी कधीच फिरलेलं. लाँच बसली रेवेवर. सांजपावेतो सगळी वाडी काठावर उभी ऱ्हाऊन आमाला हसत व्हती."

म्हणजे माझी चूक माझी नव्हतीच. बापाची चूक मी वारशाने घेतली होती, फक्त ती दुरुस्त कशी झाली तेवढं ऐकायचं राहून गेलं होतं.

बाई माझ्याकडे वळल्या. "उधाणाजवळ भरती लवकर येते आणि भांगाजवळ रेंगाळते. पुस्तकात यावर दोन पानं आहेत. वाचली होतीस?"

"पाठ आहेत, मॅडम."

"हं." त्यांनी जर्नल माझ्या हातात दिलं. "त्या तीन ओळी खोड. खोडलेलं दिसलं पाहिजे. का मोजलं नाही ते खाली लिही. आणि संदर्भांच्या यादीत एक नाव राहिलंय, ते घाल. उद्या सकाळी मी जायच्या आत आण, मग सहीचं बघते."

बाबांना एवढंच कळलं की काहीतरी अडलंय. "बाई, पोर नापास तर न्हाय ना झाली?"

"ते उद्या," बाई म्हणाल्या, आणि जाता जाता त्यांनी पुन्हा एकदा त्या काडीकडे बघितलं. काडी आता हळूहळू समुद्राकडे निघाली होती.

पुढचं थोडक्यात सांगते. सही मिळाली. गुण बेताचेच पडले, पण जूनमध्ये यादीत माझा नंबर होता. दाभोळच्या मुलाचं वैशाखातच दुसरीकडे जमलं, आत्या वर्षभर माझ्याशी धड बोलली नाही, आणि मी बी.एड. करून लांज्याला शिक्षिका झाले. तीस वर्षं भूगोल शिकवला. समुद्र दिसत नाही अशा वर्गात उभी राहून मी दरवर्षी शहाळं फिरवलं, आणि दरवर्षी पोरांना सांगितलं, घरी जाऊन मोठ्या माणसांना विचारून या. शेतकऱ्यांची पोरं पावसाच्या नक्षत्रांचं असं काही विचारून आणत की तासाची घंटा झालेली मला कळायची नाही. बाबा जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. भाचीच्या मुलीचा मोबाइल मिनिटासकट वेळ सांगतो, आणि ती बरोबर असते. मला त्याचंही तितकंच नवल वाटतं. पण त्याच्यावर कधी वाडी हसली नाही, एवढाच फरक.

ते जर्नल माझ्या कपाटात आहे. परवा तिला ते काढून दाखवलं. तीन खोडलेल्या ओळी, खाली लिहिलंय, "पालखी घरी होती. मोजले नाही." आणि शेवटच्या पानावर संदर्भ. क्रमांक एक, एक जाडजूड इंग्रजी पुस्तक. क्रमांक दोन, एक मराठी. क्रमांक तीनची शाई जरा वेगळी आहे.

ती ओळ मी त्याच संध्याकाळी पडवीत बसून लिहिली. बाबा नेहमीच्या जागेवर होते. मी त्यांचं पूर्ण नाव लिहिलं, पुढे लिहिलं "तांडेल", आणि वही त्यांच्यासमोर धरली. त्यांनी उजेडाकडे तोंड केलं आणि नावाच्या एकेका अक्षराखालून बोट नेत वाचलं. रेशनकार्ड सोडून आपलं नाव कुठे लिहिलेलं त्यांनी कधी बघितलं नसावं.

"ह्या पुस्तकांच्या रांगेत माजा नाव कशाला गो?"

"संदर्भ म्हणतात त्याला, बाबा."

"म्हंजी?"

"म्हणजे ज्याला विचारून लिहिलं, त्याचं नाव."

बाबांनी जाळ्यातली सुई काढून बाजूला ठेवली. रागावले नव्हते. उलट थोडे हसतच होते.

"पण बाय," ते म्हणाले, "तू इचारलंस कुठं?"

आत आई चूल पेटवत होती, धूर पडवीत येत होता, आणि खाली ओहोटी लागल्याचा वास सुटला होता. मी वहीचं कोरं पान उघडलं, पेनाचं टोपण काढलं, आणि तीन वर्षांत पहिल्यांदा त्यांना विचारलं, "बाबा, अष्टमीला तो रेंगाळतो म्हणजे नेमका किती?"

त्यांनी जाळं मांडीवरून खाली काढलं आणि मला बसायला जागा केली.